शिरसाठ हजर

एका दिवसाचाच प्रश्न होता, म्हणून मी बायकोला माझ्या जागी क्लासला पाठवलं. मी आयुष्यात घेतलेल्या निर्णयांमधला हा सगळ्यात लहान निर्णय. (मोठे निर्णय आमच्या घरात कोण घेतं, हे पुढे येईलच.)

मी मगन वना शिरसाठ, वरिष्ठ लिपिक, मुक्काम धुळे. एका सरकारी कार्यालयात आवक-जावक टेबलावर एकोणीस वर्षं काढली. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण निवृत्तीला अजून वेळ आहे.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर आमचे साहेब पुण्याला तीन दिवसांचं संगणक शिबिर करून आले. शिबिराचा परिणाम साधारण तापासारखा असतो, आठ-पंधरा दिवसांत उतरतो. साहेबांचा उतरला नाही. एके दिवशी त्यांनी आम्हा तीन लिपिकांना केबिनमध्ये उभं केलं.

"आपल्याकडे संगणक कक्ष होणार आहे. दोन जागा. ज्याच्याकडे सी प्लस प्लसचं प्रमाणपत्र, तो कक्षात. जो राहील तो पिंपळनेरला. तिथली जागा वर्षभर रिकामी आहे."

सी प्लस प्लसच का, हे विचारायची हिंमत कोणाला झाली नाही. मागाहून कळलं, शिबिरात साहेबांनी ए, बी आणि सी ऐकलं होतं. पण ज्याला दोन-दोन प्लस आहेत ते नक्कीच वरच्या दर्जाचं असणार, असा त्यांचा समज झाला होता.

पिंपळनेर गाव चांगलं आहे. माझं भांडण गावाशी नव्हतं. पण माझी माय, भागाबाई, सत्तरीच्या पुढची. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. दर पंधरा दिवसांनी तिला धुळ्याच्या डॉक्टरांकडे न्यावं लागे. एस.टी.च्या अडीच तासांच्या हादऱ्यात ते डोळे न्यायचे, हा विचार मला करवत नव्हता. आणि तिला धुळ्याला सोडून जायचं तर अजिबातच नाही.

म्हणून वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पाचव्या गल्लीत एका कापड दुकानाचा जिना चढलो. वर कॉम्प्युटर क्लास. चार कॉम्प्युटर, त्यांतले दोन चालू. चौधरी सर सव्वीस वर्षांचे, फैजपूरकडचे, अतिशय मऊ बोलणारे. माझ्या वर्गात मिशी असलेला मी एकटाच.

सर म्हणाले, "क्लास म्हणजे आराखडा. ऑब्जेक्ट म्हणजे त्या आराखड्यावरून घडलेली वस्तू." मी लिहून घेतलं. लिहून घेण्यात मी कधीच कमी पडत नाही. आवक-जावकला बसणाऱ्या माणसाने कागद नोंदवायचा असतो, तो समजून घ्यायचा नसतो. हा नियम मी एकोणीस वर्षं पाळला होता आणि क्लासमध्येही तो आपोआप चालू राहिला.

जानेवारीत लोकसभेच्या निवडणुका लागल्या आणि मला साक्रीला एका दिवसाच्या प्रशिक्षणाचा आदेश आला. पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि थंडीतल्या पडशाने माझे आधीच सहा दिवस गेले होते. म्हणून मी यशोधराला म्हटलं, "एक दिवस माझ्या खुर्चीवर जाऊन बस. फळ्यावर लिहितील ते उतरवून आण. समजून घ्यायची काही गरज नाही."

यशोधरा माझी बायको. लग्नाला अठरा वर्षं झालेली, मुलगा औरंगाबादला होस्टेलवर. ती कमी बोलते. तिने पदराला हात पुसले आणि विचारलं, "वही कोरी आहे ना?"

चौधरी सरांनी हरकत घेतली नाही. रजिस्टरमध्ये नुसतं 'शिरसाठ' लिहिलेलं होतं. त्यांनी 'शिरसाठ' म्हटलं, यशोधरा 'हजर' म्हणाली. तसं पाहिलं तर खोटं कोणीच बोललं नाही.

साक्रीला प्रशिक्षण संपलं आणि मला निवडणूक शाखेतच ठेवून घेतलं. एका दिवसाचे बावीस दिवस झाले. मी मतपेट्यांच्या याद्या करत होतो, आणि धुळ्यात रोज सकाळी शिरसाठ हजर होत होते.

परत आलो तर दोनशे पानी वही भरलेली. शेवटच्या काही पानांवर मोठ्या अक्षरात दोन शब्द होते: कन्स्ट्रक्टर आणि ओव्हरलोडिंग.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तुम्ही नव्हता तेव्हा हेच झालं सगळं. परीक्षेला यावरच येतं, सर म्हणाले."

"ते ठीक आहे. पण हे काय आहे?"

ती स्टोव्हपुढून उठली, वही घेऊन समोर बसली. (सांगायचं एवढ्यासाठी की अठरा वर्षांत ती माझ्यासमोर वही घेऊन पहिल्यांदाच बसत होती. मला मांडी बदलावीशी वाटली.)

"क्लास म्हणजे आराखडा हे तुम्हाला माहीत आहे."

"हो," मी म्हणालो. मला ते लिहिता येत होतं.

"त्यावरून एखादी वस्तू तयार झाली, की एक फंक्शन आपोआप चालतं. त्याचं नाव क्लासचंच असतं. तो कन्स्ट्रक्टर."

"त्याला बोलावतं कोण?"

"मुद्दाम कोणी बोलवायची गरज नसते. वस्तू जन्मली की तोच पहिला धावतो."

"आणि काम झालं की परत काय देतो?"

"काहीच देत नाही."

खाटेवरून माय म्हणाली, "मंग सुईन शे का ती?"

आम्ही दोघांनी वळून पाहिलं.

"पोऱ्या जलमना का तीच पयले धावस," माय म्हणाली. "बठ्ठं तीच करस. अन तिना हातमा काहीच येत नही."

यशोधरा हसली. "बरोबर आहे माय. सगळं तीच करते. तसंच."

म्हणजे घरात तीन माणसं. त्यांतल्या दोघींना कन्स्ट्रक्टर कळला होता आणि परीक्षा तिसऱ्याची होती.

ओव्हरलोडिंगही तिने सांगून पाहिलं. एकाच नावाची अनेक फंक्शनं, पण प्रत्येकाचं काम वेगळं. कोणतं चालायचं ते त्याला काय दिलंय, म्हणजे कोणती आर्ग्युमेंट, त्यावरून ठरतं. माझा चेहरा पाहून ती म्हणाली, "तुम्ही 'बघतो' म्हणता ना? साहेबांना म्हटलं की काम संध्याकाळपर्यंत होतं. कार्यालयात आलेल्या माणसाला म्हटलं की महिनाभरात होतं. मला म्हटलं की होतच नाही. शब्द एकच."

उदाहरण चपखल होतं. मी ते वहीत उतरवून घेतलं नाही.

परीक्षा एप्रिलमध्ये, जळगावच्या केंद्रावर होती. तोवर आम्ही दोघंही क्लासला जात होतो. मी खुर्चीवर आणि यशोधरा शेजारच्या स्टुलावर. आणि नेमकं मार्चमध्येच एरंडोलला माझ्या मेहुण्याच्या मुलीचा साखरपुडा निघाला. रविवारी सकाळी. त्याच रविवारी सरांनी सराव परीक्षा ठेवलेली. मी पी.सी.ओ.वरून एरंडोलला फोन लावला. सासऱ्यांच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या देवचंद शेठच्या किराणा दुकानात होता. दुकानात गर्दी असावी. मी ओरडून सांगितलं:

"आबांना निरोप द्या! येणं जमत नाही! मी कन्स्ट्रक्टर आणि ओव्हरलोडिंगमध्ये अडकलोय! यशोधरासुद्धा त्यातच आहे!"

"बरं बरं," देवचंद शेठ म्हणाले आणि फोन ठेवला.

आमचे आबा, म्हणजे सासरे, पितांबर तायडे, पोलिसातून जमादार म्हणून निवृत्त झालेले. नोकरीतली बावीस वर्षं त्यांनी हायवेच्या नाक्यावर ट्रक थांबवण्यात घालवली होती. ट्रकच्या नुसत्या टायरकडे पाहून आत किती माल आहे ते सांगत, असं लोक म्हणतात. त्या हातांनी कधी कोणाकडून चहासुद्धा घेतला नाही, असंही म्हणतात, आणि तेही खरं असावं, कारण ते आमच्या घरीसुद्धा चहा घ्यायला फारसे तयार नसत.

सोमवारी सकाळी ते पहिल्या गाडीने धुळ्यात आले. कमरेला नोकरीतला पट्टा, हातात पिशवी, आणि पिशवीत मोटार वाहन कायद्याचं जुनं पुस्तक. यशोधरा तेव्हा क्लासला गेली होती. मी रजा घेऊन सराव परीक्षेतल्या चुका पाहत होतो.

"जयभीम, आबा. या. असे अचानक?"

"बसा," आबा म्हणाले. घर माझं होतं. पण मी बसलो.

"कधीपासून चालू आहे हे?"

"डिसेंबरपासून."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"साहेबांच्या."

आबांनी क्षणभर डोळे मिटले. "म्हणजे वरपर्यंत आहे. सरकारी नोकरीत राहून कॉन्ट्रॅक्टर!"

(मी स्वतः पहिले पंधरा दिवस तो शब्द असाच उच्चारत होतो. त्यामुळे मला काहीच खटकलं नाही.)

"काय करणार आबा, त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही."

"एकच आहे, की अजून आहेत?"

"तीन आहेत. एक साधा, एक दोन आर्ग्युमेंटचा, आणि एक कॉपी."

"कॉपी?"

"हो. पहिल्यावरून दुसरा हुबेहूब तयार करायचा."

आबा उठले, खिडकी लावून आले आणि पुन्हा बसले. "हळू बोला. आणि ओव्हरलोडिंग?"

"ते मला अजून जमत नाही. पण सर म्हणतात, एकदा सवय झाली की सगळे करतात."

"सगळे करतात!" आबा म्हणाले. "बावीस वर्षं नाक्यावर मी हेच ऐकलं. किती टन?"

"टन नाही आबा, त्यात आर्ग्युमेंट पाहतात. किती आणि कुठल्या प्रकारची."

"पोलिसाशी आर्ग्युमेंट करू नका, जावई. केस वाढते. मी सांगतो ते ऐका. चालवत कोण होतं?"

"कोणी नाही. ते आपोआप चालतं."

"ड्रायव्हरशिवाय?"

"हो. आणि शेवटी डिस्ट्रक्टर येतो. तोही आपोआप. सगळं मोडतो आणि जागा मोकळी करतो."

आबा उभे राहिले. त्यांचा हात सवयीने टोपीकडे गेला, पण टोपी निवृत्तीबरोबर गेली होती. "माणसं किती होती?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

खाटेवरची माय घाबरून उठून बसली. "काय व्हयनं? कोन मरी गयं?"

"आणि माझी पोर?" आबा म्हणाले. "तिचा यात किती हात आहे?"

मी प्रामाणिक माणूस आहे. मी म्हणालो, "खरं सांगू का आबा? सगळं तीच करते. मी नुसता नावाला आहे."

आबा खाली बसले. खुर्चीवर नाही, जमिनीवर. एवढ्या ताठ माणसाला मी असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी धावत पाणी आणलं. तोवर मला कळलं होतं की काहीतरी फार चुकतंय. पण काय, ते कळत नव्हतं. माय रडायला लागली होती. तिने मेलेला माणूस कोण ते न कळताच रडायला सुरुवात केली होती, म्हणून ते थांबवणंही कठीण होतं.

अशा वेळी यशोधरा दारात उभी राहिली. हातात वही. तिने बापाला जमिनीवर पाहिलं, सासूला रडताना पाहिलं, आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "काय सांगितलंत तुम्ही?"

सगळा उलगडा व्हायला पाच मिनिटं लागली. यशोधरा बापाजवळ बसून बोलत होती: कॉन्ट्रॅक्टर नाही आबा, कन्स्ट्रक्टर, ट्रक नाही, कॉम्प्युटर, कोणी धरलेलं नाही, कोणी मेलेलं नाही. उगाच कशाला रडवलं, अशा तक्रारीच्या सुरात माय डोळे पुसून म्हणाली, "मंग काब्र रडाडं माले?" आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

मला वाटलं आबा हसतील, किंवा मला चार शब्द सुनावतील. त्यांनी वही मागितली.

त्यांनी ती पंचनामा वाचावा तशी वाचली. पहिल्या पानापासून, एकेक पान अंगठ्याने उलटत. त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, हे उघड होतं. पण ते अक्षर पाहत होते. सरळ समास, तांबड्या शाईने अधोरेखित मथळे, प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी उत्तराभोवती चौकट.

"बारावीला असंच होतं अक्षर," आबा म्हणाले.



"गणितात शंभरातले एक्क्याण्णव." हे ते मला सांगत होते, पण बघत वहीकडे होते. "अमळनेरच्या कॉलेजचा फॉर्म आणला होता तिने. बी.एस्सी.चा. 'आबा, फक्त सही करा,' म्हणाली. मी फॉर्म ट्रंकेत ठेवला. नाक्यावर ड्युटी होती, उद्या करू म्हटलं. तेवढ्यात तुमचं स्थळ आलं." मग ते म्हणाले, "तुम्ही वाईट नाही, जावई. पण..."

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही आग्रह केला नाही.

यशोधरा उठून स्वयंपाकघरात गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. स्टोव्ह पेटल्यावरही बराच वेळ तो आवाज येत राहिला. मी जावं का, असं मला वाटलं. पण जाऊन काय म्हणायचं, ते सुचेना. अठरा वर्षं मी तिच्या हातचं खाल्लं होतं आणि ते एक्क्याण्णव मला आज कळत होते. मला एवढंच माहीत होतं की ती किराणा मालाची बेरीज तोंडी करते. ती मला सोय वाटायची.

चहा आला. आबांनी तो पूर्ण प्यायला. मग त्यांनी बशी खाली ठेवली आणि त्यांचा जुना, नाक्यावरचा आवाज परत आला.

"हजेरी हिची. वही हिची. आणि परीक्षेला नाव फक्त तुमचं. याला कायद्यात नाव आहे, जावई. चला."

"कुठे?"

"तुमच्या त्या सरांकडे."

आम्हा दोघांना घेऊन आबांनी पाचव्या गल्लीतला जिना चढून चौधरी सरांपुढे उभं राहून दुसरा फॉर्म मागितला. सर म्हणाले, "मी ताईंना दोन वेळा म्हणालो होतो. त्या म्हणाल्या, घरी विचारून सांगते." आबांनी माझ्याकडे पाहिलं. मला तिने विचारलं होतं का? विचारलं असेल. मी बहुतेक 'बघतो' म्हणालो असेन.

फॉर्म आबांनी स्वतः भरला. ठळक, पोलिसी अक्षरात. सहीच्या जागेशी आल्यावर त्यांनी फॉर्म यशोधराकडे सरकवला आणि म्हणाले, "इथे तुझी सही लागते, माझी नाही."

तिने सही केली.  

एप्रिलमधल्या त्या दिवशी जळगावला ऊन असं होतं की डांबराला चपला चिकटत होत्या. एरंडोलच्या स्टँडवर आबा गाडीत चढले. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि पाण्याची सुराही. केंद्राबाहेर कडुनिंबाखाली ते पहाऱ्यावर बसल्यासारखे बसले.

आत प्रात्यक्षिकाला प्रश्न आला: विद्यार्थी नावाचा क्लास लिहा, त्यात तीन कन्स्ट्रक्टर असावेत. मी लिहिला. कॉम्प्युटरने चौदा चुका दाखवल्या. मी त्यातली एक सुधारली. तेव्हा सतरा झाल्या. कन्स्ट्रक्टर काही परत देत नाही हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून मी त्याच्या आधी तसं लिहिलंही होतं. पण ते लिहायचंच नसतं. काही देत नाही असंही ज्याने सांगायचं नाही, असं ते काम आहे. मी यावर विचार करत असताना लाईट गेली.

यशोधराचं फ्लॉपीवर साठवून झालेलं होतं. माझ्या सतरा चुका अंधारात गेल्या.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते. त्यांनी विचारलं, "कन्स्ट्रक्टरचं वैशिष्ट्य सांगा."

"सर, तो सुईणीसारखा असतो," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे कसा?"

मी मायचं उत्तर शब्दशः सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "छान. आता ओव्हरलोडिंगचं एक उदाहरण द्या." उदाहरण मला माहीत होतं. पण परक्या माणसापुढे स्वतःची अब्रू कोण काढतं? 

मेमध्ये क्लासच्या फळ्यावर निकाल लागला. नुसती आडनावं आणि आद्याक्षरं. पहिलंच नाव: 'वाय. एम. शिरसाठ, ८७.' माझी आद्याक्षरं एम. व्ही. पण आवक-जावकला मी अशा टंकनाच्या चुका रोज पाहतो. मी खाली वाचत बसलो नाही. सरळ पेढे घेतले आणि कार्यालय गाठलं. साहेबांनी हात मिळवला. "शिरसाठ, मला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," ते म्हणाले, आणि दोन पेढे घेतले.

उरलेले पेढे घेऊन घरी आलो. यशोधरा म्हणाली, "सर येऊन गेले. मला सत्त्याऐंशी आहेत." तिने माझ्या हातातला पुडा पाहिला. "तुम्हाला कसं कळलं? माझ्यासाठी आणलेत?"

अशा वेळी माणसाने खरं बोलावं की खोटं? तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "हो." मला एकोणतीस होते, हे मी दुसऱ्या दिवशी फळ्याच्या तळाशी जाऊन पाहिलं. त्याहून कठीण होतं साहेबांना ते सांगणं. ते पेढ्यांविषयी काही बोलले नाहीत, एवढंच म्हणाले, "जुलैत फेरपरीक्षा आहे ना? तोवर पिंपळनेरचा आदेश थांबवतो. नंतर नाही."

जूनमध्ये चौधरी सरांना पुण्याला नोकरी लागली. जाताना त्यांनी सकाळची तुकडी यशोधराला दिली.

त्याच तुकडीत मी होतो. घरी ती काही शिकवायची नाही. विचारलं की म्हणायची, "वर्गात विचारा, बाकीच्यांनाही ऐकायला मिळेल." पहिल्या दिवशी ती लवकर गेली, मी मायला चहा दिला, कप धुतले आणि सात मिनिटं उशिरा पोचलो. दारात उभा राहून 'येऊ का' म्हणायचं, एवढं कळत होतं. पुढे काय म्हणायचं? 'अगं' म्हणता येईना. 'मॅडम' तोंडातून निघेना. मी तसाच उभा राहिलो. "बसा," ती फळ्याकडेच तोंड ठेवून म्हणाली.

ती त्या दिवशी कन्स्ट्रक्टर सांगत होती. तिचा आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत येत होता. मी हा आवाज ऐकला नव्हता. म्हणजे, तो आमच्या घरातच होता, पण कोणी ऐकायला बसलं नव्हतं.

"वस्तू तयार झाली म्हणजे ती रिकामी असते असं समजू नका," ती म्हणाली. "तिला पहिली किंमत कोणी दिली नाही, तर तिच्यात आधीचा कचरा पडलेला असतो. आणि कॉम्प्युटर तो कचराच खरा धरून चालतो. म्हणून कन्स्ट्रक्टर लिहायचा. सुरुवातीलाच, ज्याची जी किंमत आहे ती त्याला द्यायची."

मी ते लिहून घेतलं. लिहिता लिहिता पेन थांबलं, कारण मला ते समजलं होतं. एकोणीस वर्षांत लिहिताना असं पहिल्यांदाच झालं. मी मान खाली घातली आणि बराच वेळ वर पाहिलं नाही.

जुलैत मला बावन्न पडले. पेढे मी निकाल तीनदा वाचून, मग आणले. पिंपळनेरला दुसऱ्याच लिपिकाने जायची तयारी दाखवली. त्याची सासुरवाडी तिकडची निघाली. मायचे डोळे धुळ्यातच राहिले.

साहेबांनी शब्द पाळला. संगणक कक्ष झाला. दोन कॉम्प्युटर, एक ए.सी., खिडक्यांना जाड पडदे. यंत्रांबरोबर तयार प्रोग्रॅम आले होते. सी प्लस प्लसची कोणाला गरज पडली नाही. गरज पडली ती धूळ आत येऊ न देण्याची. माझ्या कामाच्या यादीत पहिलंच काम नोंदवलं गेलं: कक्षात येणाऱ्या प्रत्येकाची पादत्राणं बाहेर काढून घेणे व ती ओळीने ठेवणे. मला दाराशी एक स्टूल मिळालं.

ऑगस्टमध्ये साहेबांनी सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी आठ दिवसांचं प्रशिक्षण ठरवलं. प्रशिक्षक म्हणून बाहेरून श्रीमती वाय. एम. शिरसाठ येणार होत्या. त्या वेळेवर आल्या. दाराशी थांबल्या. माझ्याकडे पाहिलं, थोडं अवघडल्यासारखं, आणि चपला काढल्या. मी स्टुलावरून उठलो, दोन्ही चपला उचलल्या, झटकल्या आणि ओळीत सगळ्यात पुढे, नीट जोडीने ठेवल्या.

साहेबांनी ते आतून पाहिलं असावं. त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात, नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच, शेरा पडला: 'कामात लक्ष आहे.'